झाकणाखालचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याकडे निदान एक घोडा तरी लागतो. घोड्यावर एक माणूस, माणसाच्या हातात तलवार आणि मागे एखादा ढासळलेला बुरूज. मी जो इतिहास सांगणार आहे त्यात घोडा नाही, तलवार नाही आणि बुरूज तर नाहीच. त्यात आहे एक डिसमिस. लॅमिंग्टन रोडवरचे गुजराती दुकानदार स्क्रू-ड्रायव्हरला ‘डिसमिस’ म्हणतात. राष्ट्रीयीकृत बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या काळजात हा शब्द ऐकून आधी धस्स होतं. ‘साहेब, डिसमिस देऊ का?’ असं त्या दुकानदारानं हसत विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात युनियनच्या सेक्रेटरीचा नंबर फिरवायला लागलो होतो.

तर या डिसमिसच्या जोरावर मी घरच्या घरी जुने कॉम्प्युटर आणि जुने प्रिंटर दुरुस्त करतो. कुणी नाणी जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटं. त्यांना लोक छांदिष्ट म्हणतात. माझ्याबद्दल मात्र सौ.ला हळूच बाजूला घेऊन विचारतात, ‘पहिल्यापासून असंच, की हल्लीच?’

मी कॉमर्सचा पदवीधर, तेव्हा या यंत्रांची किंमत मला कुणी सांगायला नको. आयकर खात्यानं कॉम्प्युटरला बरीच वर्षं सालाला साठ टक्के घसारा देऊ केला होता. घटत्या बाकीवर साठ टक्के धरले, तर शंभर रुपयांच्या यंत्राचे चौथ्या वर्षाअखेर अडीच रुपये उरतात. आमच्या घरचा कॉम्प्युटर बाबांनी १९९५ साली घेतला, तोही जुनाच. त्याची आजची पुस्तकी किंमत काढायला बसलो तर दशांश चिन्हापुढची शून्यं मोजता मोजता काउंटर बंद करायची वेळ होईल. बाजारभाव वेगळा आणि पुस्तकी किंमत वेगळी, हे कॉमर्सवाल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. तिसरीही एक किंमत असते, ती शिकवत नाहीत. ती आमच्या लोखंडी कपाटात, मिठाईच्या जुन्या खोक्यात होती. सव्वापाच इंची बारा फ्लॉप्या. रोज रात्री आईनं सांगायचं आणि बाबांनी टाइप करायचं, असा आमच्या घराचा आठ वर्षांचा जमाखर्च त्या फ्लॉप्यांवर होता. आईला जाऊन आता सात वर्षं झाली. आणि चिरंजीवांच्या लॅपटॉपला सव्वापाच इंची फ्लॉपी घालायला फटच नाही. सगळं जग त्याच्यात मावतं म्हणे, पण आमच्या आईचा दुधाचा हिशेब मावत नाही.

म्हणून एका रविवारी माळ्यावरून कॉम्प्युटर आणि प्रिंटर खाली उतरवले.

या धंद्यातला पहिला नियम असा, की लगेच वीज लावायची नाही. वीस वर्षं झोपलेल्याला एकदम २३० व्होल्टनं उठवू नये. कुंभकर्णालासुद्धा आधी ढोल-नगारे ऐकवले होते. जुन्या यंत्रांच्या वीजपुरवठ्यात कागदाचे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षांनी त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि वीज लावल्यावर थोड्याच वेळात ‘फट्’ करून घरभर असा धूर होतो की शेजारी अग्निशमन दलाचा नंबर शोधू लागतात. गंमत म्हणजे पुष्कळदा यंत्र पुढे तसंच चालू राहतं. ऑफिसातही काही माणसं अशीच असतात, पण तो विषय वेगळा.

दुसरा नियम, आतली बॅटरी शोधायची. त्या काळच्या बोर्डावर तारीख-वेळ लक्षात ठेवायला एक छोटी पिंपासारखी बॅटरी असे. ती कालांतरानं गळते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेघा खात सुटतो. आमच्या कॉम्प्युटरात तिनं हिरवीगार शेती केली होती. क्षारावर उतारा आम्लाचा, एवढं शाळेतलं रसायनशास्त्र माझ्याजवळ शिल्लक होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन व्हिनेगर मागितलं.

‘नाही. लिंबू आहे,’ सौ. म्हणाली. ‘पण पोह्यांसाठी एक ठेवा.’

लिंबाचा रस हलक्या हातानं ब्रशनं लावला, मग स्पिरिटनं धुतला आणि खाल्लेल्या तीन रेघांच्या जागी केसासारखी तांब्याची तार सोल्डर केली. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते. बाबा आमच्याच बँकेतून २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्याआधी तीस वर्षं ते युनियनचे कट्टर. त्यामुळे टॉर्च धरण्याच्या कामातही दर पाऊण तासानं चहा ही त्यांची रास्त मागणी होती आणि ती मान्य झाल्याशिवाय उजेड पडत नसे.

तिसरा नियम रबराचा. बोर्डात खोचलेल्या कार्डांचे सोनेरी दात काळे पडलेले असतात. ते पेन्सिलीच्या रबरानं घासायचे आणि पुन्हा नीट बसवायचे. निम्मी दुखणी एवढ्यानंच पळतात.

चौथी गोष्ट सौंदर्यप्रसाधनाची. जुन्या यंत्रांचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, कारण आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं मिसळलेली असतात. २००८ च्या सुमाराला परदेशातल्या छांदिष्टांनी शोधून काढलं, की हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर ते पुन्हा गोरं होतं. ते क्रीमच्या रूपात ब्यूटी पार्लरचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. माझ्या विरळ होत चाललेल्या डोक्याकडे बघून त्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, ‘कुणासाठी पाहिजे?’ मी म्हटलं, ‘प्रिंटरसाठी.’ तिनं बिल न विचारता केलं. मग आमच्या गॅलरीत एका बाजूला सौ.च्या कुरडया आणि दुसऱ्या बाजूला प्रिंटरचं झाकण असं वाळवण पडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघून म्हणाल्या, ‘यंदा काय नवीन प्रकार केलाय?’

हे सगळं करताना मनात यायचं, आपण काही पहिले नव्हे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-दोन या अवाढव्य यंत्रात बिघाड झाला, तेव्हा तिथल्या माणसांनी झाकण उघडून पाहिलं तर एका रिलेमध्ये पतंग अडकलेला. तो पतंग त्यांनी चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून ठेवला. ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे भाषणांतून रंगवून सांगत. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची चाल त्याच्याही आधीची, पण बग प्रत्यक्ष हजर राहिला तो त्या दिवशी. माझ्या प्रिंटरात एक झुरळ, दोन टाचण्या आणि पालीची तीन अंडी निघाली. ती कुठल्याही नोंदवहीत डकवायला सौ.नं परवानगी दिली नाही, नाहीतर आमचंही नाव झालं असतं.

पण झाकण उघडायचं म्हणजे आधी तसा हक्क पाहिजे. आणि या इतिहासातली खरी लढाई तीच आहे. यंत्र कुणाचं?

आयबीएम ही बलाढ्य कंपनी यंत्रं विकण्यापेक्षा भाड्यानं देणं पसंत करी. तिचं १४०१ हे यंत्र १९५९ सालचं. परदेशात वापरून जुनी झालेली १४०१ यंत्रं इकडे आणायची, इथे दुरुस्त करायची आणि भाड्यानं द्यायची, असा तिचा भारतातला व्यवहार होता. म्हणजे बिऱ्हाड आपलं, भाडं आपलं, पण खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार कंपनीनं आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असं सरकारनं सांगितलं. कंपनीला ते पटलं नाही आणि १९७८ साली तिनं इथला गाशा गुंडाळला.

कंपनी गेली, यंत्रं राहिली. आता त्यांना बघणार कोण? मालक पसार झाल्यावर पाण्याच्या टाकीचं काय होतं हे आपल्या चाळींना विचारा. पण इथे एक शहाणपणाची गोष्ट आधीच झाली होती. १९७५ च्या अखेरीस सरकारनं एक कंपनी काढली होती आणि तिचं नावच होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. साध्या मराठीत, कॉम्प्युटर दुरुस्ती महामंडळ! आयबीएमची शेकडो यंत्रं या लोकांनी सांभाळली. दुसऱ्यांची यंत्रं उघडून उघडून हात असे तयार झाले, की पुढे ऐंशीच्या दशकात याच कंपनीनं रेल्वेच्या आरक्षणाची संगणक यंत्रणा उभी केली. २०१५ साली ती टाटांच्या टीसीएसमध्ये विलीन झाली. आज आपण घरबसल्या वेटिंग लिस्टवर नाव लावतो, त्याच्या मुळाशी दुरुस्तीवाले आहेत, हे आमच्या कुटुंबात मी चारचौघांत सांगतो. नातेवाईक म्हणतात, तिकीट कन्फर्म होत नाही, ते त्यांनाच सांगा.

आणि १४०१? कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये निवृत्त इंजिनियरांनी मिळून त्यांतली दोन यंत्रं चालती केली आहेत. त्यांतलं एक कनेटिकटमधल्या एका घराच्या तळघरातून आलं. हे सौ.ला वाचून दाखवलं तेव्हा, आपल्या डोंबिवलीच्या इमारतीला तळघर नाही याबद्दल तिनं देवासमोर साखर ठेवली.

याच्या अगदी उलट चाल घरगुती कॉम्प्युटरची. तो जन्माला आला तोच मुळी सुटा. १९७५ साली अमेरिकेत आल्टेअर ८८०० नावाचं यंत्र सुट्या भागांत विकायला आलं. चारशे डॉलरच्या आत भागांची पिशवी घ्या आणि घरी बसून जोडा. त्याच वर्षी मार्चमध्ये मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब भरला. तिथे माणसं आपली नादुरुस्त यंत्रं घेऊन येत आणि दुसऱ्याच्या नादुरुस्त यंत्राबद्दल सल्ला देत. म्हणजे आपल्या कट्ट्यासारखंच, फक्त हातात यंत्र. पुढे १९७७ साली ॲपल-दोन आला, १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, १९८२ साली कमोडोर ६४ आला. या तिघांबद्दलची एक गोष्ट आजच्या माणसाला खरी वाटणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकात आतल्या सर्किटचा संपूर्ण नकाशा छापलेला असे. ‘हे घे बाबा, हे आत असं असं आहे. बिघडलं तर बघ.’ गिऱ्हाइकाला अक्कल असते, असं गृहीत धरून लिहिलेली ती शेवटची पुस्तकं असावीत.

आमच्याकडे बँकेत मात्र या यंत्राचं स्वागत झालं ते घोषणांनी. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांच्या संघटना आणि युनियन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ घातली. बाबा तेव्हा पस्तिशीत होते. ‘यंत्र येणार, कारकून जाणार’ या विषयावर त्यांनी गेटवर केलेली भाषणं म्हणे दादरपर्यंत ऐकू जात. मग यंत्र आलं, बाबांना ट्रेनिंगला पाठवलं आणि तिथे त्यांनी लोटस १-२-३ मध्ये पहिली बेरीज मारली. खालची बाकी आपोआप जुळली. ज्या माणसानं बाकी जुळेना म्हणून शेकडो संध्याकाळी लेजरवर डोकं फोडलं होतं, तो त्या पडद्याकडे बघत राहिला. शत्रूबद्दल असं वाटणं युनियनच्या घटनेत बसत नव्हतं, म्हणून हे त्यांनी बरीच वर्षं फक्त आईला सांगितलं होतं.

आता प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्यानं ऐकला नाही त्याला बँक म्हणजे काय ते कळायचं नाही. एका उभ्या ओळीत नऊ पिना, प्रत्येकीमागे एक छोटा चुंबक. चुंबकानं ढकललं की पिन शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर ठिपका उमटतो. ठिपक्या-ठिपक्यांची रांगोळी, फक्त फार घाईत काढलेली. यातलं मोठं घराणं जपानचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेकोच्या मंडळींनी वेळ छापणारं यंत्र केलं. त्या अनुभवातून १९६८ साली ईपी-१०१ हा चिमुकला प्रिंटर झाला आणि पुढच्या पिढीला, ईपीचा मुलगा म्हणून, १९७५ साली नाव मिळालं एप्सन. ‘सन ऑफ ईपी’! बापाचं नाव लावायची पद्धत आपल्याकडेच आहे असं समजू नये.

या प्रिंटरचं निदान करायची युक्ती मला आमच्या शाखेत येणाऱ्या दुरुस्ती इंजिनियरनं शिकवली. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रश, तेलाची बाटली आणि जेवणाचा डबा. तो आधी प्रिंटरला कान लावायचा. ‘साहेब, यंत्र आधी ऐकायचं, मग उघडायचं,’ असं म्हणायचा. मग लाइन फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू करायचा. असं केलं की कॉम्प्युटर नसतानाही प्रिंटर आपली सगळी अक्षरं छापून दाखवतो. छापली, तर दोष वायरीत किंवा कॉम्प्युटरात. नाही छापली, तर दोष याच्यात. मधे बारीक पांढरी रेघ दिसली, तर एक पिन अडकली आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर ठिपक्यांनी मराठी छापायची सोय झाली होती. त्यात मेलेली पिन नेमकी शिरोरेषेच्या वाट्याला आली की परिपत्रक मुंबईहून निघालेलं असूनही अहमदाबादचं वाटायचं.

फितीला कुणी तरी शिक्क्याची शाई लावा म्हणून सांगेल. ऐकू नका. फितीची शाई तेलकट असते, ती ठिपके तर देतेच, वर पिनांना वंगणही घालते. शिक्क्याच्या शाईनं पिना चिकटतात. आमची नऊ नंबरची पिन अशीच कुणाच्या तरी काटकसरीनं बसली होती. प्रिंटहेड सोडवून, स्पिरिटमध्ये टोक बुडवून, दोन रात्री ठेवल्यावर ती सुटली.

तुम्ही म्हणाल, अडकलेल्या प्रिंटरात कसला आलाय इतिहास? तर ऐका. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सनं एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरच्या वेळी रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रॅमरनं प्रोग्रॅममध्ये अशी भर घातली होती, की कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र कंपनीनं दिलाच नव्हता. कार्नेगी मेलनमधल्या एका संशोधकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. त्यानं नकार दिला, म्हणाला, कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. ज्याचं काम असेल त्याला ते उघडून बघता आलं पाहिजे, ही चळवळ तिथून वाढली आणि १९९१ साली आलेलं लिनक्स तिच्याच अंगणात मोठं झालं. आमच्या शाखेतही प्रिंटरमध्ये कागद रोज अडकतो. पण आम्ही फक्त शिपायाला हाक मारतो.

आज काय आहे? आजचा प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग. काडतुसावर चिप असते, ती दुसऱ्याची शाई ओळखत नाही. झाकणाला स्क्रूच नसतात, असले तर त्यांची टोकं अशी विचित्र, की डिसमिस हातात असून माणूस बेकार. १९३० चा माल विक्री कायदा आम्ही कॉलेजात घोकला होता. किंमत घेऊन मालाची मालकी दुसऱ्याकडे देणं म्हणजे विक्री. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही टोनरच्या काडतुसांच्या एका खटल्यात सांगावं लागलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. आपल्याकडेही २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्याचं बटण स्वतः लावायला समिती लागत नाही. यंत्राला लागली.

बाबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते टॉर्च बंद करून म्हणाले, ‘अरे, आम्ही गेटवर चुकीच्या माणसासाठी ओरडलो. कारकून राहिला. नावं बदलली, पण राहिला. गेला तो पिशवीवाला.’ खरं होतं. अलीकडच्या करारानं मला ‘कस्टमर सर्व्हिस असोशिएट’ केलंय, पण तो कान लावून ऐकणारा माणूस गेली कित्येक वर्षं आमच्या शाखेत आलेला नाही. आता नादुरुस्त वस्तूच्या जागी दुसरी वस्तू येते.

तीन महिन्यांच्या रविवारांनंतर कॉम्प्युटर बोलला. बारापैकी चार फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. त्यांची तबकडी बाहेर काढून कापसानं पुसली, दुसऱ्या पाकिटात घातली. अकरा वाचल्या गेल्या. एक गेली ती गेलीच, १९९८ चा उत्तरार्ध आमच्या घराण्याच्या इतिहासात कोरा राहणार.

मग प्रिंटर सुरू केला. कर्रर्र, कर्रर्र. चिरंजीवांनी कानांवर हात ठेवले. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजी लिपीत मराठी हिशेब येऊ लागला. दूध, वाणी, इस्त्री, फी. दर महिन्याच्या शेवटी एक ओळ: किरकोळ, साठ रुपये. साठच, कधी एकसष्ट नाही. आठ वर्षं.

‘हे किरकोळ काय हो, बाबा?’ मी विचारलं.

‘तुझी आई म्हणायची, लिहा किरकोळ. मी लिहायचो,’ बाबा म्हणाले. ‘ऑडिट करायची हिंमत झाली नाही कधी.’

सौ. मागे उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, ‘मला सांगितलं होतं त्यांनी. पोस्टात आर.डी. होतं. तुमच्या कॉम्प्युटर क्लासची फी त्यातून भरली.’

कागद संपला म्हणून प्रिंटरनं शिट्टी दिली. नवा कागद लावायला मी झाकण उघडलं.